मध्यस्थाचा हात

"आई, हात सरळ, खांद्याच्या रेषेत. दुसरा हात बाबांच्या मनगटावर ठेव. आणि आता बोलू नकोस."

"बोलतंय कोण? शिट्ट्या मोजत होते. चौथी झाली. आधी गॅस बंद कर जा."

मृण्मयी निमूटपणे स्वयंपाकघरात गेली. माणसाची प्राणशक्ती मोजणारी बाई असली म्हणून काय झालं, आईपुढे तिला कुकरच आधी बंद करावा लागतो. परत येऊन तिनं आईच्या हातातल्या राखाडी बाहीचं बटण दाबलं. खांद्यापासून मनगटापर्यंतच्या त्या बाहीत बसवलेली मोटर किंचित घुमली आणि तिनं आईचा पुढं धरलेला हात खाली दाबला. एकदा, दोनदा, असं चोवीस वेळा. प्रत्येक दाबाच्या आधी बाहीतली एखादी टिकली त्वचेवरचा एक ठरावीक बिंदू हळूच चेपत होती.

पडद्यावर सहा पट्ट्या उभ्या राहिल्या. पाच ठीक होत्या. सहावी, हृदयाची, एक्केचाळीसवर थांबली. काल ती बेचाळीस होती.

पलंगावर टेकून बसलेल्या बाबांनी रोजच्यासारखा आपला डावा हात उचलला आणि आईचा हात मनगटावरून झटकून टाकला.

"कंटाळले बघ हे," आई म्हणाली आणि बाही उतरवून डाळ घोटायला गेली.

चंद्रशेखर नेर्लेकर तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवत होते. डिसेंबरात एका सकाळी दाढी करताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि लिहिणंही गेलं. तेव्हापासून त्यांचं सगळं उज्ज्वलाबाई करत होत्या. उठवणं, बसवणं, आंघोळ, जेवण, सगळंच. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर त्यांना ते पटायचं नाही. मुलीचा दवाखाना खालच्या मजल्यावर होता आणि मुलगा तेजस बंगळुरूला. मृण्मयीनं लग्न केलं नव्हतं आणि छत्तिसाव्या वर्षी तो विषय काढायची कुणाची हिंमतही नव्हती. तिला फक्त एकच ध्यास होता, बाबांना उभं करायचं.

त्यासाठी तिच्याकडं ही बाही होती. बाहीच्या आधीची गोष्ट थोडी सांगायला हवी.

ताठ धरलेला माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. सेकंदाला दहाएक वेळा तो थरथरतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. त्यावर अचानक दाब आला की स्नायू उत्तर देतो, आणि त्या उत्तराचा पहिला भाग मेंदूपर्यंत बातमी पोचायच्या आत पाठीच्या कण्यातूनच येतो. स्नायूंची परीक्षा घेऊन शरीराचा तोल जोखणारी एक जुनी विद्या आहे, किनेसिऑलॉजी. तिच्यात उपचारक एका हाताने रुग्णाचा एखादा चिनी ॲक्युपंक्चर बिंदू दाबतो आणि दुसऱ्याने त्याचा हात खाली ढकलतो. हात टिकला तर ती ऊर्जावाहिनी ठीक, पडला तर दुबळी. यात गोम अशी, की जे सापडावं असं मनात असतं तिथं उपचारकाचा हात नकळत जास्त जोर लावतो. डोळ्यांवर पट्ट्या बांधून परीक्षा घेतल्या तेव्हा ही विद्या साफ नापास झाली होती.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं माणसाचा हात काढून तिथं मोटर बसवली. मोटरला कसलीच आशा नसते. बरेचसे जुने दावे तिच्यापुढं गळून पडले, पण एक गोष्ट उरली. हृदयाकडून येणाऱ्या चेता, म्हणजे बातमी नेणाऱ्या नसा, आणि खांद्या-दंडाकडून येणाऱ्या चेता कण्यात जवळजवळ एकाच मजल्यावर शिरतात. आत दुखणं असलं की बाहेरच्या स्नायूचं उत्तर काही सहस्रांश सेकंद उशिरा येतं आणि त्याची थरथर विस्कटते. दोन हजार वर्षांपूर्वी चिन्यांनी काखेपासून करंगळीपर्यंत आखलेली हृदयाची रेघ या वाटेला आश्चर्य वाटावं इतकी जवळून जात होती. त्यांना खालच्या तारा माहीत नव्हत्या, पण रस्ते त्यांनी पायी तुडवून पाहिले होते.

मृण्मयीचे गुरू डॉक्टर रत्नाकर तेरदाळे. तरुणपणी ग्वांगझोला तीन वर्षं राहून सुया टोचायला शिकले, आणि गेली तीस वर्षं मिरजेत दोन्ही विद्या जोडून उपचार करत होते. जीवनऊर्जेला चिनी भाषेत 'छी' म्हणतात. मराठीत तसं म्हटलं की रुग्ण नाक मुरडतात, म्हणून सर प्राणशक्तीच म्हणत. बाही बाजारात आली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं पहिल्याच आठवड्यात ती मागवली, आणि दुसरी मृण्मयीला दिली.

आता बाबांचा उजवा हात उचलला जात नव्हता, आणि डावा हलायचा पण सांगितल्या जागी थांबायचा नाही. अशा रुग्णासाठी किनेसिऑलॉजीत एक जुनी रीत होती. तान्हं मूल, बेशुद्ध माणूस, लुळा माणूस यांच्या अंगावर घरच्या कुणीतरी हात ठेवायचा आणि परीक्षा त्या घरच्या माणसाच्या दुसऱ्या हाताची घ्यायची. याला मध्यस्थ म्हणत. मध्यस्थ म्हणजे नुसती रिकामी नळी, रुग्णाची शक्ती तिच्यातून वाहत येते, असं सर तीस वर्षं शिकवत आले होते. बाहीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं, 'ज्याचं मोजायचं त्याच्याच हातात बाही घालावी.' मृण्मयीनं ते वाचलं आणि सोडून दिलं. चारच वर्षांच्या यंत्राला सरांच्या तीस वर्षांपेक्षा जास्त काय कळणार?

डिसेंबरात हृदयाची पट्टी सहासष्टवर होती. निरोगी माणसाची सत्तरच्या वर असते. लकवा झालेल्या माणसाला सहासष्ट म्हणजे वाईट नाही, असं तिला वाटलं. मार्चमध्ये अठ्ठावन्न झाली, जूनमध्ये पन्नास, आणि आता श्रावणात एक्केचाळीस. रोज सकाळी ती बाबांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या खाली, पायाच्या नळीजवळ सुया टोचायची. पट्टी जागची हलायची नाही.

तिनं बाबांना हृदयतज्ज्ञ डॉक्टर नसीम मुजावर यांच्याकडं नेलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हसून म्हणाल्या, "ह्यांचं हृदय माझ्यापेक्षा धड आहे. घेऊन जा घरी."

मृण्मयीनं यातून काय अर्थ काढावा? तर डॉक्टरांच्या यंत्राला जे अजून दिसत नाही ते आपल्या बाहीला आधीच दिसतंय. शहाण्या माणसाची चूक अशी असते, तो आधी वाट चुकतो आणि मग त्या वाटेवर फरशी घालतो. तिनं फेब्रुवारीतल्या परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला घेतला. 'मध्यस्थामार्फत दोनशे चाळीस दिवसांचे सलग मापन.' ती नोंद पाहून सरांचा फोन आला.

"एकही दिवस चुकवला नाहीस पोरी! एवढी स्थिर, एवढी सलग नोंद जगात कुणाकडं नाही. मध्यस्थाला हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील बघ."

तिनं फोन ठेवला आणि जिन्यातच बसून रडली. तोंडं बंद होतील, पण ती रेघ खाली चालली होती, आणि त्या रेघेच्या टोकाला बाबा होते.

त्याच आठवड्यात कुरुंदवाडला मावशीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. आई जायला तयार नव्हती. तेजस रजा काढून आला आणि त्यानं तिला जवळजवळ ढकलत गाडीत बसवलं. तीन दिवस बाबांचं सगळं त्यानं केलं, आणि सकाळी मध्यस्थ म्हणून बाहीही त्यानंच घातली.

हृदयाची पट्टी अठ्ठ्याहत्तर.

"ताई, हे बरोबर आहे?"

मृण्मयीनं पुन्हा मोजलं. अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी. तिनं कोपऱ्यावरून पेढे आणले, बाबांच्या तोंडात अर्धा घातला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

चौथ्या दिवशी आई परत आली, ओटीतलं नारळ-खोबरं टेबलावर ठेवून लगेच हात धुऊन बाहीत हात घालून बसली. बाबांनी मनगटावरचा तिचा हात झटकला. तिनं पुन्हा ठेवला.

चाळीस.

तेजसचा धंदाच आकड्यांचा. त्यानं दुपारी बहिणीच्या दवाखान्यात बसून दोनशे चाळीस दिवस समोर मांडले आणि शेवटी हळू आवाजात बोलला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. मी हात ठेवला की बाबा ठीक असतात. आईनं ठेवला की खाली येतात. आणि ते रोज तिचा हात ढकलतात, तू बघतेस ना? तिची काळजी, तिची चिडचिड त्यांच्यात उतरत असणार."

"आई चिडत नाही रे कधी."

"न चिडणाऱ्या माणसाचीच जास्त उतरते. दोन महिने तिला बंगळुरूला नेतो. इथं पूर्णवेळ माणूस ठेवू. बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे."

तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, नवराबायकोच्या वाहिन्या वर्षानुवर्षांच्या सहवासानं गुंततात, असं घडू शकतं, थोडे दिवस अंतर ठेवून पाहा. झालं. यंत्र, भाऊ आणि गुरू, तिघांनी एकच सांगितल्यावर मृण्मयीनं विचार करायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

आईला सांगायचं काम अर्थात तिच्यावरच आलं. उज्ज्वलाबाई तांदूळ निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात ताटात थांबला.

"म्हणजे माझा हात लागला की ह्यांचं हृदय दुबळं होतंय, असं म्हणतंय होय ते?"

"आई, तुझी चूक नाही यात. ऊर्जेचा—"

"चूक कुठं म्हणते मी? मोजून बघितलंयस तू." त्यांनी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "कधी निघायचं?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, आणि ते मृण्मयीला फार लागलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या डब्यासाठी आई पहाटे उठली, त्याला आपल्या हातानं अपाय होतो हे तिनं एका खड्याइतक्या वेळात मान्य करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी दाराशी लागली. बॅग तेजसनं खाली नेली. आई बाबांच्या खोलीत निरोप घ्यायला गेली आणि दारातच थांबली. जवळ जावं की नको, हे तिला ठरवता येईना.

"येते हो मी," ती लांबूनच म्हणाली. "गोळ्या मृणूला विचारून घ्या. आणि पालेभाजी नको म्हणू नका."

बाबांनी डाव्या हातानं तिला जवळ बोलावलं. ती गेली नाही. मग त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की मृण्मयी जिन्यातून धावत वर आली. आई भीतभीत पलंगाशी गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि तो तिच्याच छातीवर आपटला. एकदा, दोनदा. मग तिच्या जबड्याला हात लावला. मग वाकून शेजारच्या टेबलावरची बाही ओढली. ती खाली पडली. पलंगावरून घसरत त्यांनी ती बोटांत पकडली आणि आईच्या हातावर चढवू लागले. एका हातानं बाही चढत नाही. तरी त्यांनी ती कोपरापर्यंत आणली. आणि मग, हे महत्त्वाचं, त्यांनी आपला डावा हात काढून स्वतःच्या पाठीमागं दडवला आणि मृण्मयीकडं डोळे फाडून पाहिलं.

बाबा आठ महिने आईचा हात झटकत नव्हते. तो हात तिच्याकडं परत पाठवत होते.

"आई, बस. हात सरळ धर. बाबांना लावू नकोस. कुणालाच लावू नकोस."

मोटर चोवीस वेळा घुमली.

एकोणचाळीस.

"तेजस, वर ये!" ती ओरडली. तेजस आला. त्याच्या हातात बाही घातली, बाबांपासून चार हात लांब उभा करून. अठ्ठ्याहत्तर.

दोनशे चाळीस दिवसांत बाबांचं एकदाही मोजलं गेलं नव्हतं. तेजसचे तीन दिवस सोडले, तर रोज सकाळी साडेसातला, न चुकता, आईचं मोजलं जात होतं. आणि तिच्या पट्टीसाठी सुया बाबांना टोचल्या जात होत्या.

"आई, तुला काय होतंय?"

"मला काय होणार?"

बाबांनी पलंगावर थाड्कन हात आपटला. उज्ज्वलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा केला.

"दुपारी ह्यांना वळवलं की जबडा जरा आवळतो. दात किडला असेल म्हटलं. पाच मिनिटं पलंगाच्या कडेला टेकलं की जातंय. तू खाली पेशंटमध्ये असतेस, कशाला हाका मारायच्या?"

"कधीपासून?"

"थंडी होती तेव्हा."

मिरजेत एक सोय आहे. कुठूनही खडा मारा, तो दवाखान्याला लागतो. बंगळुरूला निघालेली गाडी सात मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली. तिथल्या तरुण डॉक्टरनं ईसीजी काढला, दोनदा पाहिला आणि म्हणाला, "फारसं काही नाही. ॲसिडिटी असेल. ताण घेऊ नका, मावशी."

"ॲडमिट करा," मृण्मयी म्हणाली.

"मॅडम, छातीत दुखत नाही, ईसीजी जवळजवळ नॉर्मल आहे. कशाच्या आधारावर करू?"

कालची मृण्मयी यावर प्राणशक्तीचं व्याख्यान देऊन मोकळी झाली असती. आज तिनं मोबाईलवरची रेघ त्याच्यासमोर धरली. "सहासष्टवरून एकोणचाळीस. आठ महिने, ती गावाला गेली ते तीन दिवस सोडून एकही दिवस चुकलेला नाही. आठ महिने मी ही रेघ चुकीच्या माणसाच्या नावावर वाचली. आज तुम्ही ती वाचायचीच नाही म्हणताय. मुजावर मॅडमना बोलवा. त्या येईपर्यंत मी या दारातून हलणार नाही."

त्याला ती बाई वेडी वाटली असणार. पण वेड्या बाईला टाळायचा सोपा उपाय म्हणजे वरिष्ठांना बोलावणं, तो त्यानं केला. नसीम मुजावर आल्या. रेघ पाहिली. मग त्या उज्ज्वलाबाईंकडं वळल्या.

"बायकांचं हृदय छातीत दुखत नाही कितीदा," त्या म्हणाल्या. "जबड्यात दुखतं, पाठीत दुखतं, आणि बहुतेक वेळा सांगितलंच जात नाही. आत घ्या ह्यांना."

हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य रोहिणी नव्वद टक्के बंद होती. मुजावर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. "बंगळुरूपर्यंत गाडीत पोचल्या असत्या की नाही, सांगता येत नाही," त्या सरळच म्हणाल्या. तेजस भिंतीला टेकून खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. पाच तास. सहाव्या दिवशी उज्ज्वलाबाई कॉटवर उठून बसल्या आणि घरी भाजी कुणी निवडली याची चौकशी करू लागल्या, तेव्हा मृण्मयीनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग सरांकडं जाणं भाग होतं. तेरदाळे सर अंगणात पेपर वाचत होते. तिनं सगळं सांगितलं, काहीही न गाळता. त्यांचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"म्हणजे मध्यस्थ खोटा? तीस वर्षं मी शेकडो आयांच्या हातांवरून त्यांच्या लेकरांचं निदान केलं, ते सगळं खोटं?"

"खोटं नाही सर. पत्ता चुकला. तुम्ही आयांचंच निदान करत होता."

सर उठून आत गेले. दार लावून घेतलं. मृण्मयी अर्धा तास तिथंच पायरीवर बसून राहिली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात जाडजूड जुन्या वह्या होत्या आणि डोळे लाल झाले होते.

"यात दोन आया आहेत," ते म्हणाले, "पुढं वर्षभरात गेलेल्या. मी लेकरांच्या पायांत सुया टोचत बसलो होतो." मग त्यांनी वह्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "निबंध मागं घ्यायचा नाही. त्याचं नाव बदल. आणि बाही घेऊन माझ्याबरोबर चल."

मिरजेतल्या दवाखान्यांच्या व्हरांड्यांत डबे, उशा, थर्मास घेऊन बसलेली माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. कुणी त्यांच्याकडं बघत नाही, कारण ती रुग्ण नसतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे सर आणि त्यांची शिष्या पाच महिने त्या व्हरांड्यांतून बाही घेऊन फिरली. सहाशे बारा माणसांना त्यांनी हात सरळ धरायला लावले. 'आमचं नको, पेशंट आत आहे' हे वाक्य त्यांनी सहाशे बारा वेळा ऐकलं. त्यातल्या तेवीस जणांची पट्टी पंचेचाळीसच्या खाली निघाली. मुजावरांनी तेवीसही तपासले. एकोणीस जणांच्या हृदयात खरंच दुखणं होतं. एकोणीसही जण वेळेत सापडले, आणि एकोणीसही जिवंत राहिले.

फेब्रुवारीत परिषदेचं सभागृह भरलं होतं. मृण्मयीनं पहिल्या चित्रात बाबांचं नाव खोडलं आणि त्याखाली आईचं नाव लिहिलं. "माझी चूक दोनशे चाळीस दिवस लांब आहे," तिनं सुरुवात केली आणि काहीही लपवलं नाही. आईला घराबाहेर काढायला निघाले होते, हेसुद्धा सांगितलं. मग शस्त्रक्रियेनंतरची रेघ दाखवली. बावन्न, एकसष्ट, त्र्याहत्तर. मग व्हरांड्यांतले सहाशे बारा. हृदयरोग उघड होण्याआधी आठ महिने, रोजच्या रोज काढलेली ही जगातली पहिली नोंद होती, आणि ती निघाली होती एका रुग्णाची सेवा करणाऱ्या, कुणीही न पाहिलेल्या बाईच्या हातातून. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळं सभागृह उठलं. सर तर लहान मुलासारखे दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. नसीम मुजावरांनी जागेवरूनच जाहीर केलं, की सोमवारपासून त्यांच्या विभागात रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही तपासल्याशिवाय घरी सोडणार नाहीत.

टाळ्या थांबल्यावर मृण्मयीनं माईक पुन्हा हातात घेतला.

"एक विनंती आहे. ज्यांच्या घरी सध्या कुणाची काळजी घ्यावी लागते, जे कुणाचं तरी पाहतात, त्यांनी हात वर करा. सरळ, खांद्याच्या रेषेत. आज आधी तुमचं मोजायचं आहे."

आधी कुणी हललं नाही. मग एक हात आला, मग चार, मग रांगाच्या रांगा. डॉक्टरांचे, परिचारिकांचे, दारातल्या शिपायाचासुद्धा. पहिल्या रांगेत जांभळ्या इरकलीतल्या उज्ज्वलाबाईंनी आपला हात वर केला.

त्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या चंद्रशेखर नेर्लेकरांनीही डावा हात वर केला.

बिल्ला लावलेला एक तरुण स्वयंसेवक समजुतीनं त्यांच्याजवळ वाकला. "काका, तुमचा नाही. जे पेशंटची काळजी घेतात त्यांनी करायचा."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हात आणखी थोडा वर नेला.

"राहू दे त्यांचा," मृण्मयी माईकवरून म्हणाली. "सगळ्यांच्या आधी त्यांनीच बघितलं होतं."

ती बाही घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली. सहा महिन्यांपूर्वी सांगितल्या जागी न थांबणारा तो हात आता खांद्याच्या रेषेत ताठ होता. तिनं त्यात बाही चढवली, आणि चंद्रशेखर नेर्लेकरांचं स्वतःचं मोजमाप पहिल्यांदा सुरू झालं.